पहिला बिल्ला

(तालुक्यातील प्राथमिक शिक्षकांच्या संमेलनात शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



आजच्या कार्यक्रमपत्रिकेवर माझ्या नावासमोर ‘शाळांतील स्काउट-गाइड कार्य’ असा विषय छापला आहे. विषय विस्तृत आहे आणि आपणांपैकी पुष्कळांना संध्याकाळच्या एस. टी. ने गावी परतावयाचे आहे. तेव्हा तंबू कसा उभारावा, गाठी किती प्रकारच्या, शेकोटीचा कार्यक्रम कसा आखावा, यांविषयी मी आज बोलणार नाही. मी बोलणार आहे तळहाताहूनही लहान असलेल्या एका कापडी तुकड्याविषयी. मुलाच्या डाव्या खिशावर लागणारा तो पहिला बिल्ला. त्याला आपण ‘प्रवेश’ म्हणतो.

या चळवळीत पुढे पायऱ्या पुष्कळ आहेत. लहान मुलांच्या कब विभागात ‘चरण’ आहेत, लहान मुलींच्या बुलबुल विभागात ‘पंख’ आहेत, दहा वर्षांवरील स्काउट-गाइडांसाठी ‘सोपान’ आहेत. त्यांच्याही पुढे राज्य पुरस्कार आणि राष्ट्रपती पुरस्कार आहेत. आपल्या शाळांच्या अहवालांत या वरच्या पायऱ्यांचा उल्लेख ठळक अक्षरांत असतो. प्रवेशाचा उल्लेख मात्र ‘इतक्या विद्यार्थ्यांचा प्रवेश पूर्ण’ एवढ्या एका ओळीत आटोपलेला असतो. शाळा तपासणीच्या निमित्ताने ही ओळ मी अनेक वर्षे वाचत आलो आहे, आणि त्यापूर्वी शिक्षक म्हणून ती लिहीतही आलो आहे. त्या ओळीत काय दडलेले असू शकते हे मला स्वानुभवाने ठाऊक आहे. तो अनुभव आज आपणांपुढे ठेवावा असे मी ठरविले आहे. परंतु त्यापूर्वी या बिल्ल्याची हकीकत थोडक्यात सांगतो.

इंग्लंडमधील एक सेनानी रॉबर्ट बेडन-पॉवेल यांनी १९०७ च्या ऑगस्ट महिन्यात ब्राउनसी नावाच्या छोट्या बेटावर सुमारे वीस मुलांचे शिबिर भरविले. त्या शिबिराची खरी नवलाई तंबूंत नव्हती. श्रीमंतांच्या निवासी शाळांतील मुले आणि कामकऱ्यांची मुले तेथे एका पंक्तीस बसली, एका तंबूत झोपली, यात ती होती. त्या काळच्या इंग्लंडात ही गोष्ट सोपी नव्हती. पुढच्याच वर्षी, १९०८ मध्ये, त्यांचे पुस्तक निघाले आणि चळवळ देशोदेशी पसरली. लहान मुलांसाठी कब विभाग १९१६ साली सुरू झाला.

हिंदुस्थानात ही चळवळ १९०९ साली बंगलोर येथे आली. परंतु ती आली ती युरोपियन व अँग्लो-इंडियन मुलांपुरती. आपल्या मुलांना तिचे दार बंद होते. ते उघडण्यासाठी आपल्याच लोकांना खटपट करावी लागली. मद्रासेकडे डॉ. अॅनी बेझंट यांनी, मध्य प्रांतात नागपूरचे कायदेपंडित व पुढे सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झालेले विव्हियन बोस यांनी, आणि उत्तरेकडे पंडित मदनमोहन मालवीय, पंडित हृदयनाथ कुंझरू व श्रीराम बाजपेयी यांनी हिंदी मुलांची पथके उभी केली. स्वातंत्र्यानंतर निरनिराळ्या संस्था एकत्र येऊन ७ नोव्हेंबर १९५० रोजी ‘भारत स्काउट्स’ ही एक संस्था झाली. १५ ऑगस्ट १९५१ रोजी गाइड्सही तीत सामील झाल्या आणि ‘भारत स्काउट्स आणि गाइड्स’ हे नाव पूर्ण झाले. जुनी माणसे अजूनही ‘बालवीर’ आणि ‘वीरबाला’ असे म्हणतात. शब्द मोठे गोड आहेत, आणि ते मागे पडल्याचे मला थोडे वाईट वाटते.

आता तो बिल्ला डोळ्यांसमोर आणा. हिरव्या पार्श्वभूमीवर पिवळ्या रंगात स्काउटचे त्रिदल, गाइडचे त्रिपर्ण आणि मध्यभागी अशोकचक्र. त्रिदलाच्या तीन पाकळ्या वचनाच्या तीन भागांची आठवण देतात. ईश्वराप्रती अथवा धर्माप्रती आणि देशाप्रती कर्तव्य, इतरांस साहाय्य, आणि स्काउट नियमाचे पालन, हे ते तीन भाग. खूण करताना तीन बोटे उभी राहतात तीही याचसाठी. ज्या दाराशी आपल्या मुलांना एकेकाळी अटकाव होता त्याच दाराचे नाव आज ‘प्रवेश’ आहे आणि त्यावर अशोकचक्र आहे. हा योगायोग असेल. पण दाराशी आज पहारेकरी म्हणून आपण शिक्षक उभे आहोत, हा काही योगायोग नव्हे. आत कोणाला घ्यावयाचे आणि कसे, हे आपल्या हाती आहे.

या प्रवेशासाठी मुलाने करावयाचे तरी काय? नवागत म्हणून तो सामान्यतः तीन महिने पथकात येतो. या अवधीत त्याने नियम व वचन समजून घ्यावयाचे असते. ध्येयवाक्य, खूण, वंदन आणि डाव्या हाताचे हस्तांदोलन यांचा अर्थ जाणावयाचा असतो. प्रार्थना, झेंडागीत व राष्ट्रगीत नीट म्हणता आले पाहिजे. राष्ट्रध्वजाची व गणवेशाची माहिती हवी. आपल्या संघात राहून संघनायकाच्या सांगण्याप्रमाणे वागता आले पाहिजे. आणि निदान एक महिना घरी रोज एक सत्कृत्य करून त्याची रोजनिशी ठेवावयाची असते.

यांपैकी बहुतेक गोष्टी पाठांतराच्या आहेत असे आपण समजतो, आणि तेथेच पहिली चूक होते. स्काउटचे नियम नऊ आहेत, कबचे दोनच. मोठ्यांचे ऐकावे, आणि स्वच्छ व विनयशील असावे, एवढेच कबला सांगितले आहे. दुसरीतला मुलगा ते दोन नियम एका दिवसात पाठ करतो. मग तीन महिने कशाला? ते तीन महिने नियम पाठ होण्यासाठी नसून अंगवळणी पडण्यासाठी आहेत.

पाठांतराच्या गोष्टींतही जीव ओतता येतो, आणि त्यासाठी दूर जावे लागत नाही. राष्ट्रध्वज शिकविताना आपण तीनास दोन हे प्रमाण आणि चक्राचे चोवीस आरे सांगून थांबतो. आपल्या सोलापुरात १९३० साली, परकी सत्ता असताना, नगरपालिकेवर राष्ट्रीय झेंडा फडकला होता. त्या वर्षी येथे लष्करी कायदा पुकारला गेला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लाप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे व श्रीकिसन सारडा हे चार सोलापूरकर येरवड्यात फासावर गेले. ज्या मुलाला हे सांगितले गेले आहे त्याला झेंडा जमिनीला का टेकू द्यावयाचा नाही हे निराळे सांगावे लागत नाही. तसेच ‘स्काउट सर्वांचा मित्र असतो’ हा नियम शिकविताना सोलापुरात १९१० साली जन्मलेल्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची गोष्ट सांगा. १९३८ साली भारतीय वैद्यकीय पथकातून ते युद्धग्रस्त चीनमध्ये गेले. सोबतचे सहकारी परतल्यावरही ते जखमींच्या सेवेत तेथेच राहिले आणि १९४२ साली, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तेथेच वारले. परक्या भूमीतील परक्या माणसांचा मित्र होणे म्हणजे काय, हे याहून सोप्या शब्दांत मला सांगता येणार नाही.

आता त्या सत्कृत्याच्या रोजनिशीकडे वळतो. माझ्या कबुलीजबाबाचा विषय तोच आहे.

सुमारे तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. डी. एड. होऊन मला काही वर्षे झाली होती. भीमेच्या खोऱ्यातील एका गावी सातवीपर्यंतच्या शाळेत मी शिकवीत होतो. स्काउट मास्तराचे पहिले प्रशिक्षण नुकतेच घेऊन आलो होतो आणि उत्साह अंगात मावत नव्हता. आठ-आठ मुलांचे चार संघ, असे बत्तीस मुलांचे पथक मी उभे केले. दिवाळीनंतर जिल्ह्याचा मेळावा होता. मेळाव्यास जावयाचे तर मुलांचा दीक्षाविधी त्यापूर्वी व्हावयास हवा, म्हणून दिवाळीच्या सुटीआधीचा शनिवार मी मुक्रर केला. सरपंच येणार होते, छायाचित्रकार सांगून ठेवला होता.

त्या आठवड्यात मी रोजनिशा तपासावयास घेतल्या. कोणाच्या वहीत चार ओळी, कोणाच्या वहीत सहा, कित्येकांच्या वह्या कोऱ्या. मला घाम फुटला. मग मी जे केले ते सांगताना आजही जीभ अडखळते. मी फळ्यावर तीस वाक्ये लिहिली आणि मुलांना ती उतरवून घेण्यास सांगितले. ‘एका अंध गृहस्थास हात धरून रस्ता ओलांडून दिला’ हे त्यांतले एक वाक्य होते. मला ते प्रशिक्षणात मिळाले होते. मुळात ते लंडनसारख्या गाड्याघोड्यांच्या शहरातून आलेले वाक्य. आमच्या गावात ओलांडण्याजोगा रस्ता नव्हता. अंध गृहस्थ एकच होते, विठोबाच्या देवळाच्या ओट्यावर बसणारे, आणि त्यांना गावच्या वाटा आम्हां डोळसांपेक्षा अधिक ठाऊक होत्या. आमच्या रोजनिशांवर विश्वास ठेवावयाचा तर त्या एका दिवशी त्या बिचाऱ्यांना एकतीस मुलांनी एकतीस वेळा रस्ता ओलांडून दिला!

आपण हसलात. मीही आज हसतो. त्या दिवशी मात्र मला त्यात काही वावगे दिसले नव्हते.

बत्तीस मुलांत एकतीस वह्या का, असे आपण विचाराल. बत्तिसाव्या मुलाने फळ्यावरचे काही उतरवून घेतले नाही. सहावीत होता. आईबाप मजुरी करणारे. त्याच्या वहीत एकंदर अकरा नोंदी होत्या. ‘आईबरोबर विहिरीवरून दोन खेपा पाणी आणले.’ ‘वाटेवर बाभळीची फांदी पडली होती ती बाजूला ओढली.’ ‘बहिणीला पाढे शिकवले. मग तिला मारले.’ आणि तीन दिवसांपुढे एकच वाक्य, ‘आज काही केले नाही.’ मी त्याला म्हणालो, “राहिलेल्या ओळी फळ्यावरून लिहून काढ.” तो खाली मान घालून म्हणाला, “गुरुजी, म्या केलंच न्हाय, ते कसं लिहू?”

मला तो उद्धटपणा वाटला. रोजनिशी अपूर्ण, म्हणून मी त्याला वगळले. शनिवारी एकतीस मुलांनी तीन बोटे वर करून वचन घेतले. ‘स्काउट विश्वसनीय असतो’ हा पहिला नियम त्यांनी खणखणीत आवाजात म्हटला. मी प्रत्येकाच्या खिशावर बिल्ला लावला आणि छायाचित्र निघाले. तो मुलगा ओट्याच्या कडेला उभा राहून टाळ्या वाजवीत होता. सुटी लागताच त्याचे कुटुंब ऊसतोडीस निघून गेले.

मेळावा झाला. त्यानंतर एका रात्री दप्तर लावताना त्या बत्तीस वह्या पुन्हा हाती आल्या. या वेळी तपासणीची घाई नव्हती, म्हणून मी त्या वाचल्या. एकतीस वह्यांत एकच हस्ताक्षर असावे तसे एकच माणूस बोलत होते, आणि ते माणूस मी होतो. बत्तिसाव्या वहीत मात्र एक मुलगा बोलत होता. पहिल्या नियमाच्या परीक्षेत पथकातला एकच मुलगा उत्तीर्ण झाला होता, आणि त्यालाच मी अनुत्तीर्ण केले होते. त्याहून वाईट म्हणजे, बाकीच्या एकतीस मुलांना ज्या दिवशी मी सत्याचे वचन दिले, त्याच आठवड्यात खोटे लिहिण्याचा पाठही दिला होता.

कारखान्याचा हंगाम संपल्यावर ते कुटुंब गावी आले. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा मुलगा हजर झाला. मी पथक गोळा केले. फळ्यावरच्या वाक्यांविषयी जे सांगावयाचे ते मुलांसमोर सांगितले. चूक त्यांची नसून माझी आहे हेही सांगितले. मग त्या मुलास पुढे बोलावून बिल्ला काढला. त्याने हात पुढे केला नाही. क्षणभर घुटमळून तो म्हणाला, “गुरुजी, माझे आठच दिवस भरल्यात. बावीस ऱ्हायल्यात.”

शिक्षक मित्रहो, त्या क्षणी मला दुसरा धडा मिळाला. पहिल्यांदा मी मेळाव्यासाठी बिल्ले वाटले होते. आता मी पश्चात्तापासाठी एक बिल्ला वाटावयास निघालो होतो. दोन्ही वेळा मी स्वतःची सोय पाहत होतो. मुलाला मात्र तो बिल्ला कमावावयाचा होता. त्याने बावीस दिवस पुरे केले. त्याला पावसाळ्यातले छत्तीस दिवस लागले, कारण काही दिवस ‘काही केले नाही’ असेच होते. बाकीच्या एकतीस जणांनीही कोऱ्या वह्या घेतल्या आणि बत्तिसावी वही मी घेतली. आपणांस सांगतो, रोज एक सत्कृत्य करून ते प्रामाणिकपणे लिहिणे किती अवघड आहे हे मला त्या महिन्यात कळले. माझ्या वहीतही कोरे दिवस पुष्कळ होते.

या अनुभवातून निघालेल्या काही व्यवहाराच्या गोष्टी आता सांगतो. आपणांस पटतील तेवढ्या घ्याव्यात.

पहिली गोष्ट, कोऱ्या दिवसाला मान द्या. ज्या रोजनिशीत एकही दिवस रिकामा नाही तिच्याविषयी मला आज शंका येते. ‘आज काही केले नाही’ असे लिहिणाऱ्या मुलाला पथकासमोर शाबासकी द्या. मग इतरांनाही खरे लिहिण्याचे धैर्य येईल. दिवस कोरा गेला तर महिना एक दिवसाने लांबेल. लांबू द्या. मेळाव्याच्या तारखेसाठी मुलाचा महिना आखडू नका.

दुसरी गोष्ट, पुरावा मागू नका. काही शाळांत रोजनिशीवर पालकांची सही घेण्याची पद्धत आहे. हेतू चांगला आहे. पण सही मागणे म्हणजे ‘तुझ्या शब्दावर आमचा विश्वास नाही’ असे सांगणे. ज्या नियमाचा पहिला शब्दच विश्वास आहे त्याची सुरुवात अविश्वासाने कशी करावयाची? शिवाय सहीही उतरवून काढता येते. त्यापेक्षा शनिवारच्या सभेत पाच मिनिटे काढावीत आणि ‘या आठवड्यात काय करावयाचे मनात होते पण जमले नाही?’ एवढेच विचारावे. या प्रश्नाचे तयार उत्तर कोणत्याही फळ्यावर मिळत नाही. प्रवेशाची पारख करण्यास बाहेरून परीक्षक येत नाही, ती स्काउट मास्तरानेच करावयाची असते. हा आपल्यावर टाकलेला विश्वास आहे. आपण मुलांवर तोच टाकावा.

तिसरी गोष्ट, सत्कृत्ये आपल्या मातीतली असू द्यात. उन्हाळ्यात टँकर येतो तेव्हा रांगेतल्या म्हातारीची घागर उचलून देणे, वाहता नळ बंद करणे, पाखरांसाठी झाडाखाली पाण्याची परळ भरून ठेवणे, दाव्यात पाय अडकलेले वासरू सोडविणे, पायवाटेवरचा काटा उचलणे, आजोबांना मोबाइलवर आलेला निरोप वाचून दाखविणे, नव्या आलेल्या ऊसतोड कामगाराच्या मुलाला आपल्या शेजारी बसविणे. माळशिरस आणि पंढरपूर तालुक्यांतील पालखीमार्गावरच्या शाळांना तर आषाढात सेवेची संधी दारी चालून येते. अकलूजला, वेळापूरला, वाखरीला वारकऱ्यांच्या हाती पाण्याचा पेला देणारा मुलगा मोठे काम करतो. मात्र ते काम छायाचित्रकार आल्यावर सुरू होऊन तो गेल्यावर संपू नये. आणि वर्षातून एकदा केलेली मोठी सेवा ही रोजच्या छोट्या सत्कृत्याचा बदला नव्हे, हेही मुलांना सांगावे. बेडन-पॉवेल यांनी एक साधी युक्ती सुचविली होती. सकाळी गळपट्ट्याच्या टोकास एक गाठ मारावी आणि दिवसाचे सत्कृत्य झाले की ती सोडावी. गळपट्टा नसेल तर हातरुमालालाही गाठ बसते.

चौथी गोष्ट मुलींविषयी आहे, आणि ती मी विशेष आग्रहाने सांगतो. मुलगा एक दिवस पाण्याची घागर आणतो तेव्हा ते त्याच्या वहीत सत्कृत्य म्हणून नोंदले जाते. त्याची बहीण रोज चार घागरी आणते, ते मात्र कोणाच्याच वहीत नसते. ते तिचे कामच समजले जाते. आमच्या त्या मुलाने पुढे एका नोंदीत लिहिले होते, ‘बहिणीच्या हातातली घागर घेतली. ती खेळायला गेली.’ मला वाटते, स्काउटांना आपण हे सत्कृत्य मुद्दाम सुचवावे. आणि गाइड व बुलबुल पथके चालविणाऱ्या भगिनींनी मुलींना घरकामाच्याच नोंदी लिहावयास लावू नयेत. ते तर त्या करीतच आहेत. स्वतःच्या इच्छेने केलेल्या एखाद्या गोष्टीचा आनंद त्यांनाही मिळू द्यावा.

पाचवी आणि शेवटची गोष्ट गणवेशाची. न कमावलेला बिल्ला देणे हा एक अन्याय, तसाच कमावलेला बिल्ला अडवून ठेवणे हा दुसरा. ‘गणवेश आणला नाही म्हणून पथकात नाही’ हे वाक्य मी काही शाळांत ऐकले आहे. नवागताच्या तीन महिन्यांत गणवेशावाचून कोणतेच काम अडत नाही. दीक्षाविधीच्या वेळी गणवेश असावा हे खरे, परंतु तो आईबापांच्या मजुरीतूनच आला पाहिजे असे थोडेच आहे? पुढच्या वर्गात गेलेल्या, उंची वाढलेल्या मुलांचे गणवेश धुऊन, दुरुस्त करून शाळेच्या पेटीत ठेवता येतात. गावातील एखादा शिंपी दरवर्षी दोन सदरे शिवून देण्यास सहसा नाही म्हणत नाही. माजी विद्यार्थी आहेत, शाळा व्यवस्थापन समिती आहे. ब्राउनसी बेटावर श्रीमंताचा आणि कामकऱ्याचा मुलगा शेजारी शेजारी बसावा यासाठी जी चळवळ निघाली, तिचा गणवेश गरिबाच्या मुलाला दाराबाहेर ठेवण्याचे कारण ठरला, तर १९०९ च्या त्या बंद दारात आणि आपल्या दारात फरक तो काय राहिला?

मित्रहो, आपला हा अकरा तालुक्यांचा जिल्हा. बहुतेक भाग पावसाच्या भरवशावर जगणारा. येथे ज्वारीचे दाणे काळ्या मातीतल्या ओलीच्या भरवशावर पेरतात आणि मग वाट पाहतात. पेरल्याच्या दुसऱ्या दिवशी कोणी शेतकरी कणीस मागावयास जात नाही. आपण शिक्षक मात्र तारखेला कणीस मागतो आणि ते मिळाले नाही की बाजारातून आणून ताटाला बांधतो. लांबून पीक आल्यासारखे दिसते. अहवालात तर ते फारच छान दिसते.

येत्या जूनमध्ये आपण नवी पथके उभी कराल. ज्यांच्या शाळा चौथीपर्यंत आहेत त्यांनी कब-बुलबुल घ्यावेत, मोठ्या शाळांनी स्काउट-गाइड घ्यावेत. प्रशिक्षण झाले नसेल तर ते आधी घ्यावे आणि पथकाची नोंदणी रीतसर करावी. तपासणीला मी येईन तेव्हा किती मुलांचा प्रवेश पूर्ण झाला हे विचारीनच, कारण ते माझे काम आहे. पण बत्तिसांपैकी पाचच मुलांचा झाला असे आपण सांगितलेत तर माझ्या शेऱ्यात त्याबद्दल नापसंतीचा शब्द येणार नाही, हे मी या सभेत सर्वांसमक्ष सांगून ठेवतो. मात्र त्या पाचांच्या वह्या मी मागेन, आणि त्यांत एखादा कोरा दिवस आहे का ते पाहीन. आणि जमल्यास आपली स्वतःची वहीही मला दाखवावी. माझी मी बरोबर आणीन.

 एस. टी. ची वेळ झाली आहे. आपली रजा घेतो.